दुसऱ्याच्या पानावरची आई

मॅडम गेल्यानंतर नऊ दुपारी त्या टीव्हीवर येत राहिल्या. चॅनेलकडे त्यांच्या कार्यक्रमाचे नऊ भाग आधीच चित्रित होऊन पडले होते. ते दाखवायचे की नाही यावर म्हणे बरीच चर्चा झाली, आणि शेवटी खाली एक काळी पट्टी देऊन दाखवायचं ठरलं. भांडुपच्या घरी दुपारची जेवणं उरकून मी ते सगळे पाहिले. पट्टीवर त्या गेल्याचं लिहिलेलं असायचं, आणि पट्टीच्या वर त्या पाहुणीला विचारत असायच्या, "खरं सांग, सासूला कधी घाबरलीस तू?"

मी त्यांच्या मासिकात एकोणीस वर्षं काम केलं. हुद्दा उपसंपादकाचा होता. खरं काम एकच, मॅडमचं पान लिहिणं. मासिक उघडलं की पहिल्या डाव्या पानावर त्यांचा फोटो आणि उजव्या पानावर त्यांचा मजकूर. तो मजकूर माझा असायचा. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. मला त्याचं दुःख नव्हतं. मला लोकांसमोर यायला आवडत नाही, आणि लिहायला आवडतं. हे जमवून देणारी दुसरी नोकरी मला मिळाली नसती.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या आईबद्दल. ती मॅडमच्या चौदा वर्षं आधी गेली. मी तिला त्या पानावर दिली, आणि त्यानंतर ती मला नीट दिसेनाशी झाली.

मॅडमबद्दल आधी थोडं सांगायला हवं. त्या पैशांत जन्मल्या, पाचगणीच्या शाळेत वसतिगृहात वाढल्या आणि आणखी मोठ्या पैशांत लग्न करून गेल्या. अंधेरी पूर्वेला नवऱ्याचं एक बंद पडलेलं गोदाम होतं, त्यात त्यांनी चार टेबलं टाकून मासिक काढलं. कंटाळा आला म्हणून काढलं, असं त्या स्वतःच सांगायच्या. पुढे नवरा गेला दुसरीकडे, मासिक राहिलं. त्या कुठल्या पार्टीला गेल्या हीच बातमी असायची, आणि ती बातमी छापणारंही त्यांचंच मासिक असायचं. मग एका पाककृतींच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून टीव्हीवर आल्या. चव घेऊन काही न बोलता नुसती भुवई वर करायच्या, ती भुवई बायकांना इतकी आवडली की त्यांना दुपारचा स्वतःचा कार्यक्रम मिळाला.

वाचन शून्य. नवा अंक आला की उघडून नाकाशी धरायच्या आणि परत द्यायच्या. पण माणसं पाठ. शंभर जणांच्या जेवणावळीतून परतताना गाडीत मला सांगायच्या की कोण कुणाकडे पाठ करून उभं होतं. कुणाच्या ड्रायव्हरच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, तेसुद्धा. त्यांना ऐकलेलं काहीही विसरता येत नसे.

पान दर महिन्याला मी त्यांना वाचून दाखवायची. जागा ठरलेली, वर्सोव्याच्या त्यांच्या घरातली मागची खोली, आणि वेळ केसांना रंग लावून बसायची. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, डोळे मिटलेले. मी वाचायची.

"हे मी म्हणणार नाही," त्या मध्येच म्हणायच्या.

"काय म्हणाल मग?"

"मी म्हणेन, मला काय त्याचं. लिही."

कधी म्हणायच्या, "इथे तू दिसतेयस गं. चष्मा लावून बसलीयेस वाक्यात. हो बाहेर." आणि मी बाहेर व्हायची. दोन-तीन वर्षांत मला ते इतकं जमलं की घरी भाजी निवडतानाही माझ्या डोक्यात त्यांच्या आवाजात वाक्यं यायची. लिहायला बसले नसतानाही.

माझी आई भांडुपच्या एका औषध कंपनीत होती. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासायचं काम. पुढ्यात एक पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर ट्यूबलाइट. कुपी उचलायची, मनगटानं अर्धी फिरवायची आणि आत काही तरंगतंय का ते आधी काळ्यावर, मग पांढऱ्यावर पाहायचं. काचेचा कण, धागा, केस. बावीस वर्षं तिनं हेच केलं. मग घरीही पाण्याचा प्रत्येक पेला ती आम्हाला द्यायच्या आधी खिडकीकडे धरायची. दादा चिडवायचा, "आई, आता त्यावर शिक्का मारून दे." ती हसायची, पण पाहिल्याशिवाय पेला हातात देत नसे.

ती गेली त्या महिन्यात मी तेराव्यानंतर कामावर गेले. मॅडमनी ड्रायव्हरबरोबर फळांची करंडी पाठवली होती. पानाची तारीख उलटून गेली होती, छापखाना खोळंबला होता, आणि माझ्या डोक्यात आईशिवाय काही येत नव्हतं. मी तेच लिहिलं. पेला उजेडात धरणारी आई. कंपनीचा उल्लेख काढून टाकला, कारण मॅडमच्या आईनं कधी नोकरी केली नव्हती. कंपनी गेल्यावर आई पेला का धरायची याला कारण उरलं नाही, म्हणून मी लिहिलं की तिला आमची काळजी वाटायची. तसं ते खोटं नव्हतं.

मागच्या खोलीत मी ते वाचलं. मॅडमनी डोळे उघडले नाहीत. टोपीखालून रंगाचा एक ओघळ कानापाशी आला होता तो त्यांनी पुसला नाही.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"हे माझंच आहे," त्या म्हणाल्या. त्यापुढे काही नाही. नेहमी म्हणायच्या, बरं लिहिलंयस, किंवा ठीक आहे. हे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

त्या पानाला जितकी पत्रं आली तितकी आधी कधी आली नव्हती. हळदीकुंकवाच्या समारंभात बायका त्यांना धरून रडायच्या. त्या सांगू लागल्या, आधी मी लिहिलेल्या शब्दांत, मग स्वतःच्या. प्रत्येक वेळी नवीन काही यायचं. खिडकीला गज होते. पेल्याला एका बाजूला तडा होता. मी ऐकत उभी असायची, हातात त्यांची पर्स, आणि मला वाटायचं, होता की तडा. मग वाटायचं, होता का?

त्यांची खरी आई मी दोनदा पाहिली होती. बोटाबोटांत अंगठ्या घालून खुर्चीत बसलेल्या, पाणी हवं असलं की शेजारची पितळी घंटी वाजवणाऱ्या बाई. नातीनं मांडीवर चढायचा प्रयत्न केला तर साडी चुरगळते म्हणायच्या.

माझं काय होत होतं ते मला उशिरा कळलं. आईचा माझ्याकडे एकच फोटो आहे, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, त्यात ती कुणीही वाटते. डोळे मिटून तिला आठवायला गेले की खिडकी यायची, पेला यायचा, हात यायचा. चेहऱ्यापाशी गेलं की मॅडमचे आखूड कापलेले केस आणि मोत्याचे टॉप्स. मी डोळे उघडायची. पुन्हा मिटायची. पुन्हा तेच. आईचा अंबाडा होता, हे मला शब्दांत माहीत होतं. दिसत नव्हता.

मॅडम जायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. शूटिंग मढला असायचं, समुद्राजवळच्या एका बंगल्यात. मी वर्सोव्याहून तरीनं खाडीपलीकडे गेले, रिक्षा केली आणि पान वाचून दाखवायला बंगल्यावर पोचले. तो बंगला मला कधी आवडला नाही. दर महिन्याला कुणी ना कुणी तो नव्यानं रंगवतं. एक जिना वर जातो आणि भिंतीला लागून संपतो. दिवाणखान्यातली खिडकी खोटी आहे. तिच्यामागे दिवे लावून दुपारचं ऊन पाडतात. बाहेर ढग असोत की काही असो, आत तेच ऊन, त्याच कोनात. एका दिवसात चार-चार भाग घ्यायचे, मधे फक्त साडी बदलायची.

जेवायची सुट्टी झाली होती आणि सेटवर कुणी नव्हतं. मॅडम एकट्याच त्या खिडकीपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाठमोऱ्या. हातात रिकामा पेला. त्यांनी तो वर धरला, मनगटानं अर्धा फिरवला आणि थांबल्या. मग पुन्हा. कुणीतरी खालून दिवे घालवले आणि खिडकीतलं ऊन गेलं. त्या तशाच धरून उभ्या राहिल्या. मी बाजूनं पुढे झाले तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसले.

मनगटाची ती फिरकी मी कधी लिहिली नव्हती. ती कंपनीतली होती.

"मॅडम, काय म्हणत होतात?" मी विचारलं.

"मोजत होते. आई मोजायची ना."

"किती?"

"तीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं काय बघतेस? तूच तर लिहिलंयस."

"मी मोजण्याचं लिहिलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग मला आठवलं असेल," त्या म्हणाल्या आणि पेला माझ्या हातात दिला. "चल, वाच. दुसरी साडी नेसायचीय मला, ती भयंकर मोरपंखी."

मी वाचायला सुरुवात केली पण मला माझेच शब्द ऐकू येत नव्हते. कारण त्यांनी तीन म्हटल्याक्षणी मला आई ऐकू आली होती. एक, दोन, तीन, दातांच्या मागे, श्वासाइतकं हळू. काळ्यावर तीन मोजायचे, पांढऱ्यावर तीन, तसं कंपनीत शिकवलं होतं. कित्येक वर्षांत आईचं इतकं स्पष्ट काही मला आठवलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं होतं का? गाडीत, कधी बोलता बोलता? मला आठवेना.

तो प्रसंग त्या नऊ भागांतल्या सातव्या भागात आला. मोरपंखी साडीत मॅडम पाहुणीला पाणी देतात, त्याआधी पेला खोट्या उन्हात धरतात, ओठ हलतात, आणि सांगतात की आई तीनपर्यंत मोजायची. मी पडद्यापुढे बसले होते आणि त्यांच्याबरोबर मोजत होते. खाली काळी पट्टी सरकत होती.

काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. लहानपणापासून ती मला मावशी म्हणते. शाळेतून ऑफिसात यायची आणि माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. वर्षश्राद्धाला आईच्या निवडक पानांचं पुस्तक काढणार, मुद्रितं मी तपासावीत, असं तिचं म्हणणं होतं. मी वर्सोव्याला गेले. तीच मागची खोली, तीच खुर्ची. तिनं कागद पुढे ठेवले. पहिलंच पान ते होतं.

"यापासूनच सुरुवात करायची ना?" ती म्हणाली. "हे सगळ्यांचं आवडतं. आणि शोमध्ये आई मोजण्याचं बोलली होती, ते वाक्य मी शेवटी घातलंय. चालेल ना?"

"पाहते."

"आजी असंच करायची. मला अजून दिसते ती."

"तुला कशी दिसेल? आजी गेल्या तेव्हा तू चार-पाच वर्षांची होतीस."

"तरी दिसते. खिडकीपाशी उभी असते. निळी साडी, जाडीभरडी, पदर खोचलेला. आणि हातात पेला." ती हसली. "आजीकडे तसली साडी असणार नाही हे मलाही कळतं, मावशी. पण दिसते तशीच."

मी कागद पिशवीत घातले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चहा घेतलाच नाही. निळी साडी कंपनीची होती. वर्षाला दोन मिळायच्या. ती मी लिहिली नव्हती, सांगितली नव्हती, आणि मॅडम टीव्हीवरही तिच्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

दादा बोरिवलीला असतो. घरी पोचल्यावर मी त्याला फोन लावला. तो जेवून पेपर वाचत होता, मजेत होता, आणि मजेत असला की तो मालवणीवर येतो.

"दादा, आई पेला बघताना मोजायची का रे?"

"अगो, आये खय मोजी? नुसती बघायची."

"तीनपर्यंत. हळूच."

"ते त्या तुझ्या मॅडम करायच्या. टीव्हीवर. मी पाह्यलं ना." तो थांबला. "तू काय बाय लिहितस त्यांचा, आता आमच्या आवशीक पण चिकटवतस काय?"

"आणि साडी?"

"कसली साडी?"

"कंपनीची."

"निळी. ती मरेपर्यंत विसरायचो नाय. पडद्याला पण तीच, उशीला पण तीच." मग तो मराठीवर आला. "काय झालं गं? बरी आहेस ना?"

मी बरी आहे म्हटलं.

मुद्रितं तपासायला मला आठ दिवस लागले. एरवी दोन लागले असते. चौदा वर्षं ज्या पानाला मी माझं म्हटलं नव्हतं ते समोर ठेवून मी बसायची. पुस्तक निघालं की ते कायमचं झालं असतं. मासिक रद्दीत जातं, पुस्तक कपाटात राहतं. मी काही बोलले नाही तर बावीस वर्षं ट्यूबलाइटखाली डोळे फोडलेली बाई कुठेच उरणार नव्हती. उरणार होती ती मोत्याचे टॉप्स घातलेली. आणि बोलले, तर त्या मुलीकडून तिची आजी काढून घ्यावी लागणार होती, तिच्या आईला जाऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नसताना.

मी परत गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तिनं कागद हातात घेतले, आणि ती चाळायला लागायच्या आत मी म्हटलं, "पहिल्या पानावरची आई माझी आहे."

तिला कळलं नाही. मी सांगितलं. कंपनी, कुप्या, काळी-पांढरी पाटी. साडीचंही सांगितलं. ते सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिनं हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही हे आत्ता का सांगताय, मावशी?"

"पुस्तक झाल्यावर सांगता आलं नसतं."

"आईला माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

"म्हणजे माहीत होतं." ती उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली. "मग मला ती का दिसते? तुमच्या आईला मी कधी पाहिलं?"

"कधीच नाही."

"टेबलाखाली बसायचे तेव्हा तुम्ही मला सांगितलं असेल."

"असेल," मी म्हटलं. मला तसं आठवत नव्हतं, पण ते मानणं दोघींना सोपं होतं.

"काढा म्हणालात तर मी काढते," ती म्हणाली. "पण बाकीच्या एकाही पानात आजी नाहीये. मी शोधलं. आणि खरी आजी... तुम्हाला माहीतच आहे. घंटी वाजवायची." ती जरा हसली, आणि ते हसू अर्ध्यात थांबलं.

"काढू नकोस. खाली एक ओळ घाल. ही कुणाची आई, आणि ती काय काम करायची."

"लिहून द्या."

मी पेन्सिल घेतली. नाव लिहायचं होतं आणि हात चालेना. समोर आलं ते मॅडमच्या आईचं नाव. मी थांबले. माझ्या आईचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. वडील अगं म्हणायचे, आम्ही आई, चाळीत दादाच्या नावानं हाक मारायचे. रेशनकार्डावर ते होतं. मी रेशनकार्ड आठवलं, त्याचा पिवळा रंग, दुमडलेली घडी, आणि दुसऱ्या ओळीत ते सापडलं. मी ते लिहिलं, पुढे कंपनीचं काम लिहिलं.

तिनं कागद जवळ घेतला आणि नाव मोठ्यानं वाचलं. त्या खोलीत, त्या खुर्चीशेजारी. मला ते अनोळखी वाटलं. एखादीला पहिल्यांदाच पुढे बोलावल्यासारखं.

"आणि हे वाक्य?" तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मोजायच्या त्या? तुम्हालाच माहीत."

मला माहीत नव्हतं. मला ऐकू येत होतं, इतकं मात्र खरं. दादाला ऐकू येत नव्हतं. ते आईचं असलं तर मी तिचं सगळ्यात खरं काहीतरी खोडणार होते. मॅडमचं असलं, तर तेवढं एकच काय ते त्यांनी मी न लिहिता केलेलं.

"हे काढ," मी म्हटलं. "हे तुझ्या आईचं आहे. तिच्या नावावर दुसरीकडे कुठे तरी घाल."

तिनं मान हलवली आणि त्या ओळीवर रेघ मारली.

तेव्हापासून डोळे मिटले की आईचा अंबाडा दिसतो. कपाळ दिसतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात. पेला उजेडात असतो आणि तिचे ओठ मिटलेले असतात. ती नुसती बघते. मोजणं मात्र थांबलेलं नाही. ते तिच्या तोंडून येत नाही, खोलीतून येतं, तीनपर्यंत जातं आणि पुन्हा सुरू होतं. आई त्याकडे लक्ष देत नाही. पेला खाली घेते आणि माझ्यासमोर धरते.